मापाची राखण

वऱ्हाडातील जुन्या घरांत उसनवारीची एक रीत असे. शेजारणीकडून ज्वारी आणावयाची ती ज्या पायलीने मोजून आणली त्याच पायलीने मोजून परत करावयाची, आणि परत करताना पायलीवर थोडीशी शीग ठेवावयाची, म्हणजे आपल्या हातून कमी गेले नाही अशी मनाची खात्री राहते. माझी आजी ह्या बाबतीत फार काटेकोर होती. घरातील पायलीचा काठ एकदा कशाने तरी चेपला, तेव्हा तिने ती पायली मोजणीतून काढून टाकली व तिच्यात गाईसाठी सरकी भिजत घालावयास सुरुवात केली. मूठभर दाण्यांचा तो काय फरक, असे घरातील कोणी म्हणाले असता तिने उत्तर दिले की, आपण जाणूनबुजून चोरी केली नाही तरी चेपलेली पायली आपल्या वतीने चोरी करीतच राहते. अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ तिने वाचलेला नव्हता; परंतु पुढे चलनाविषयी जे काही वाचावयास मिळाले त्यात ह्या उत्तराहून फारसे निराळे तत्त्व मला आढळले नाही.

रुपया हीदेखील एक पायलीच आहे. मजुराची मजुरी, सावकाराचे कर्ज, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, पेन्शनीची रक्कम, कापसाच्या गाडीचा मोबदला, हे सर्व आपण ह्याच एका मापाने मोजतो. फरक इतकाच की, ही पायली घरात नसून सरकारच्या कोठीत आहे. म्हणून प्रश्न उपस्थित होतो तो असा : कितीही चांगल्या हेतूने का होईना, हे माप लहानमोठे करण्याचा सरकारास नैतिक अधिकार आहे काय? आणि माप राखण्याचे काम ज्याच्याकडे सोपविले त्याने मालाचा भावही आपणच ठरवावा हे योग्य आहे काय? हे दोन प्रश्न वेगवेगळे समजण्याची पद्धत आहे. पहिला बँकांचा व दुसरा शेतकऱ्यांचा, असे मानले जाते. माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, आणि ते समजून घेण्यास आपल्या अमरावती-अकोल्याच्या मुलखासारखी दुसरी जागा नाही. कारण ह्या मुलखाचा अर्वाचीन इतिहासच मुळी एका कर्जापासून सुरू झाला.

निजामाकडे कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार करून हा प्रांत कायमच्या मक्त्याने घेतला, व त्याबद्दल वर्षाला २५ लक्ष रुपये द्यावयाचे ठरविले. करारात रकमेचा आकडा होता. त्या आकड्याचे मोल काय राहील ह्याविषयी मात्र एक अक्षर नव्हते. जवळजवळ पंचेचाळीस वर्षे तो आकडा तसाच राहिला. दरम्यान दोन महायुद्धे झाली. त्यांपैकी दुसऱ्या युद्धाच्या काळात नोटांचा इतका सुकाळ झाला की, हिंदुस्थानातील भाव दुपटीहून अधिक चढले. पंचवीस लक्ष ते पंचवीस लक्षच. परंतु १९०२ मध्ये त्यांतून जितके धान्य आले असते त्याचा लहानसा अंशच १९४५ मध्ये येऊ शकला असता. जगातील अतिश्रीमंतांत गणल्या जाणाऱ्या त्या संस्थानिकाच्या हक्काचा मोठा भाग त्याच्या डोळ्यांदेखत विरघळला, आणि कराराचा भंग झाला असे कोणासही म्हणता आले नाही. शब्द पाळला गेला. पायली तेवढी चेपली.

निजामासाठी अश्रू ढाळावेत असे मी सुचवीत नाही. परंतु इतक्या मोठ्या धनिकाची जी गत झाली तीच दोन हजारांची ठेव ठेवणाऱ्या विधवेची होते, आणि तिच्या बाजूने बोलावयास कोणी वकील नसतो.

माप लहान होण्यानेच अन्याय होतो असेही नाही. ते मोठे झाले म्हणजेही होतो, आणि ह्याचा अनुभव वऱ्हाडच्या कास्तकाराने फार कडवट घेतलेला आहे. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या, आणि तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातील चांदीवर अवलंबून न राहता सरकारच्या धोरणावर अवलंबून राहू लागली. १९२७ साली कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरला. तो एक शिलिंग चार पेन्स असावा म्हणून मुंबईकडे मोठी चळवळ झाली होती, आणि चलन कमिशनवरील सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनी त्याविषयी आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती. ते स्वतः कापसाचे मोठे व्यापारी, तेव्हा त्यांच्या मतात स्वार्थ असेलही. परंतु १९२९ नंतर जागतिक मंदी आली, कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तरीही सरकारने रुपयाचा चढा दर सोडला नाही, तेव्हा त्याचे फळ कोणास भोगावे लागले? ज्याने तेजीत दहा गाड्या कापसाच्या किमतीइतके कर्ज काढले होते, त्यास आता तेच कर्ज फेडावयास वीस गाड्या कापूस लागू लागला. सावकाराने एक पैही वाढविली नव्हती. गहाणखतातील आकडा तोच होता. घराघरांतील सोने ह्या वर्षांत बाहेर पडले व मुंबईच्या वाटेने परदेशी गेले, ते काही हौसेने गेले नाही.

मग सरकारास दया आली. १९३३ साली आपल्या मध्यप्रांतात कर्जसमझोत्याचा कायदा झाला व मंडळे नेमून ऋणको-धनकोंमध्ये तडजोडी होऊ लागल्या. कायदा आवश्यक होता, हे मी मान्य करतो. बुडत्यास हात दिलाच पाहिजे. परंतु ह्या घटनांचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. प्रथम माप बदलले. त्यामुळे ऋणको बुडाला. मग त्यास तारण्यासाठी धनकोच्या हक्कात काट मारली. त्यामुळे धनकोने पुन्हा कर्ज देण्याचे बंद केले. आणि शेवटी कर्ज देण्याचे कामही सरकारासच अंगावर घ्यावे लागले. प्रत्येक पायरीवर सरकारचा हेतू चांगला होता. तरीही पहिल्या पायरीचा दोष पुढच्या कोणत्याही पायरीने धुऊन निघाला नाही, आणि तो दोष कोणी केला हे लोक विसरून गेले. सावकार तेवढा लक्षात राहिला. कारण सावकारास चेहरा असतो, चलनाच्या दरास चेहरा नसतो.

ह्या विषयाचा सांगोपांग विचार आपल्याच एका महाराष्ट्रीय पंडिताने करून ठेवलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, व त्यास त्यांचे गुरू एडविन कॅनन ह्यांनी प्रस्तावना लिहिली. सोन्याशी केवळ हुंडणावळीच्या दराने बांधलेल्या रुपयाची जी व्यवस्था तेव्हा चालू होती तिची स्तुती केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये केली होती. आंबेडकरांनी तिच्याविरुद्ध लिहिले. परदेशी नाण्याशी रुपयाचा दर स्थिर असला म्हणजे पुरे असे नाही, देशातल्या बाजारात त्याने काय विकत मिळते ते स्थिर पाहिजे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. आणि रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडला तर आज ना उद्या गरजेपायी त्याचा दुरुपयोग होणारच, म्हणून नाणी पाडण्यावरच पक्की मर्यादा घालावी, असे त्यांचे म्हणणे होते. रुपया स्वस्त झाला म्हणजे निर्यात करणाऱ्यास जो नफा होतो तो आकाशातून पडत नाही. भाव आधी चढतात व मजुरी मागाहून चढते, तेव्हा तो नफा मजुराच्या ताटातून येतो, हे त्यांनी स्पष्ट दाखवून दिले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हेच आंबेडकर पुढे १९४७ साली शेती हा सरकारी धंदा असावा अशी योजना मांडते झाले. म्हणजे चलनाच्या बाबतीत सरकारवर त्यांनी जो अविश्वास दाखविला तो व्यापाऱ्यांच्या कैवारापोटी नव्हता. ज्याच्याजवळ अंगमेहनतीवाचून विकावयास काही नाही अशा माणसाच्या कैवारापोटी होता.

स्वातंत्र्यानंतर माप सरकारच्या नव्हे, आपल्याच हाती आले, असे आपण समजलो. परंतु हात बदलले म्हणून मोह जात नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत १२०० कोटी रुपयांची तूट नव्या चलनाने भरून काढण्याचे ठरले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळातील एकट्या बी. आर. शेणॉय ह्यांनी १९५५ साली आपले विरुद्ध मत नोंदविले. नोटा छापून धरणे उभी राहतील, परंतु त्यांचा खर्च ज्यांना विचारलेही नाही अशांच्या खिशातून निघेल, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. त्या काळी हे मत कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे मोठे अवमूल्यन करण्याची पाळी आली. आणि २०१६ साली रिझर्व्ह बँकेस कायद्याने महागाईचे लक्ष्य आखून देण्यात आले : वर्षाला चार टक्के, दोन टक्के वर किंवा खाली. चलनास काही तरी शिस्त लागली ही चांगलीच गोष्ट होय. तथापि चार टक्के म्हणजे काय ह्याचा हिशेब घरी बसून करून पाहावा. ह्या वेगाने अठरा वर्षांत भाव दुप्पट होतात, आणि तीस वर्षांनी आजच्या शंभर रुपयांचे मोल एकतीस रुपयांच्याही आत येते. म्हणजे सर्व काही ठरल्याप्रमाणे, कोणतीही चूक न होता पार पडले तरी, पायली दर वर्षी थोडी चेपली जावयाचीच आहे.

कोणी म्हणेल, थोडी महागाई व्यापारास वंगणासारखी असते. असेलही. परंतु ते वंगण कोणाच्या घरचे, हे विचारण्याचा अधिकार आपणास आहे. सरकारी नोकरास महागाई भत्ता मिळतो. कारखानदार आपला भाव वाढवून घेतो. पण पहाटे घर सोडून किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या बाईस कोणत्या निर्देशांकाने भत्ता मिळतो? आणि २०१६ च्याच ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, देशातील चलनापैकी मोलाने सुमारे ८६ टक्के चलन एका रात्रीत बाद झाले, तेव्हा आपल्याकडे वेचणी ऐन भरात होती. बोंडे फुटली होती, माल घरात येत होता, आणि वेचणाऱ्यांना द्यावयास मोड नव्हती. काळा पैसा नाहीसा करण्याचा हेतू निंद्य होता असे कोण म्हणेल? पण ज्या बाईने आयुष्यात काळा पैसा पाहिला नाही तिची मजुरी अडून राहिली, हीही गोष्ट खरीच.

आता ह्या प्रश्नाचा दुसरा भाग घेऊ. माप राखणे हे सरकारचे काम आहे हे ठरल्यावर, ते काम चांगले कसे होते ह्याचेही उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कापूस घेऊन बाजारात आलेल्या गाडीवानाची स्थिती अशी असे की, दलाल व खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत, तो काय ठरला हे मालाच्या धन्यास कळतच नसे. वजने खोटी; वर धर्मादाय, तूट, नमुना ह्या नावांखाली माल काढून घेतला जाई. १८८६ साली कारंज्यास सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा पहिला प्रयत्न. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने इतर प्रांतांनी ह्याचे अनुकरण करावे अशी शिफारस केली. ह्या कायद्यात उणिवा होत्या; बाजाराच्या मंडळावर व्यापाऱ्यांचाच भरणा होता व पिकविणाऱ्यास तेथे स्थान नव्हते. परंतु त्याचे तत्त्व निर्दोष होते : वजन खरे असावे, भाव उघड बोलला जावा, तंट्याचा निकाल लागावा. कापूस किती रुपयांना जावा ह्याविषयी सरकार बोलत नव्हते. तागडी सरळ आहे एवढेच ते पाहत होते.

पुढे राखणदारासच वाटू लागले की, पारड्यात काय टाकावयाचे हेही आपणच ठरवावे. महाराष्ट्र सरकारने कापसाच्या एकाधिकार खरेदीचा कायदा केला व १९७२ पासून ती योजना अमलात आली. हेतू पुन्हा उत्तमच. दलाल नको, सट्टा नको, कास्तकारास हमीचा भाव मिळावा. परंतु हमी देणारा जेव्हा एकमेव खरेदीदार होतो, तेव्हा ती हमी विकत घेण्यासाठी विकणाऱ्यास आपले स्वातंत्र्य मोजावे लागते. आपल्या वावरातील कापूस पलीकडच्या मध्यप्रदेशात चांगल्या भावाने जात असला तरी तो नेणे गुन्हा ठरला. पिकविणारा स्वतःच्याच मालाचा चोर झाला. रात्रीच्या गाड्या सरहद्द ओलांडू लागल्या. उलट ज्या वर्षी बाहेर भाव पडलेले असत त्या वर्षी बाहेरचा कापूस इकडे येई, आणि तोटा सरकारी तिजोरीस बसे. पैसे हप्त्याहप्त्यांनी मिळत, व हप्त्याची वाट पाहत असता सावकाराचे व्याज चालूच असे. तोटा हजारो कोटींच्या घरात गेला, आणि २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांस पुन्हा वाट मोकळी करून द्यावी लागली. तीस वर्षे चाललेल्या ह्या प्रयोगाने दलाल नाहीसा केला नाही. त्यास फक्त अधिकाऱ्याचा अंगरखा दिला.

ह्याच काळात, १९७९ मध्ये, शरद जोशी ह्यांनी शेतकरी संघटना उभारली व वऱ्हाडात तिला मोठा आधार मिळाला. सरकार शेतकऱ्यास जे देते त्याहून अधिक ते निर्यातबंदी, आयात व सक्तीची खरेदी ह्या मार्गांनी त्याच्यापासून काढून घेते, असा त्यांचा सिद्धान्त होता, व त्यास त्यांनी उणे सबसिडी असे नाव दिले. त्यांच्या सर्व मतांशी सहमत न होणाऱ्यानेही ह्या एका मुद्द्याचा प्रामाणिक विचार केला पाहिजे. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एकाएकी बंद झाली. केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच आक्षेप घेतला व आठवड्याभरात तो हुकूम सैल करावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन व हरभऱ्यासह अनेक मालांचे वायदेव्यवहार थांबविण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेच्या जबर जकातीने कापडगिरण्यांची कोंडी झाली म्हणून, परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर माफ झाला आणि पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे आपल्या पऱ्हाटीची बोंडे फुटून माल बाजारात यावयाचा नेमका तोच हंगाम. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. पण ती निवारण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला गेला नाही. तो अकोटच्या व दर्यापूरच्या कास्तकाराच्या पट्टीतून वजा झाला.

आता ह्या दोन भागांचा सांधा कोठे आहे ते पाहा. चलनाची किंमत टिकली की नाही हे ज्या निर्देशांकाने मोजतात, त्याच्या २०१२ हे मूळ वर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याच्या पदार्थांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. तेव्हा महागाई आटोक्यात आहे असे दाखवावयाचे तर सर्वांत सोपा मार्ग कोणता? नोटांचा व सरकारी खर्चाचा पसारा आवरणे हा कठीण मार्ग. तूर, कांदा, हरभरा, गहू ह्यांची निर्यात अडविणे व साठ्यांवर मर्यादा घालणे हा सोपा मार्ग. चेपलेली पायली सरळ करण्याऐवजी दाणेच दाबून भरावयाचे, म्हणजे पायली भरल्यासारखी दिसते. जो माप राखण्यात चुकतो तोच भाव राखण्यास धावतो. एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याचा हा प्रकार आहे, आणि ती ज्याच्या अंगावर पडते तो बहुधा खेड्यात राहणारा असतो.

ह्यावर पूर्वपक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. तो म्हणतो : बाजार म्हणजे बळी तो कान पिळी. ज्यास दिवाळीपूर्वी देणी फेडावयाची आहेत तो, आणि ज्याच्या गोदामात सहा महिने माल पडून राहिला तरी चालते तो, हे दोघे बरोबरीने सौदा करतात असे म्हणणे ही थट्टा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये ते युद्ध संपताच तो कोसळला; त्या कोसळण्यात कोणत्याही सरकारचा हात नव्हता. परदेशी सरकारे आपापल्या शेतकऱ्यांस मदत देत असता आपणच तेवढे हात जोडून बसावे काय? आणि ज्या विभागात कर्जापायी इतक्या कास्तकारांनी आपले जीवन संपविले, तेथे तत्त्वाच्या गोष्टी सांगणाऱ्याची वाणी कोरडी वाटली तर नवल काय?

हा आक्षेप मी मनापासून मानतो. बाजार न्यायाधीश नाही, आणि त्यास तसे समजणारे त्याच्या शत्रूंइतकेच चुकतात. पाऊस पडत नाही तेव्हा जसा कोणी अपराधी नसतो, तसा दूरदेशीचे युद्ध संपून भाव पडला तरी कोणी अपराधी नसतो. पण बुडणारा बुडतोच, आणि समाजाने त्यास वाचविले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की, वाचवावयाचे ते उघड वाचवावे. तिजोरीतून द्यावे, त्यासाठी कर बसवावा, विधिमंडळात त्यावर चर्चा व्हावी, आणि देणाऱ्यास आपण किती दिले व घेणाऱ्यास आपणास किती मिळाले हे कळावे. दान व चोरी ह्यांत एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो हे साम्य आहे. भेद आहे तो देणाऱ्याच्या संमतीचा. चलन फुगवून किंवा निर्यात अडवून जे काढून घेतले जाते ते ज्याच्यापासून काढून घेतले त्यास कळतही नाही, मग त्याची संमती कोठून यावी? आणि ज्यास आपले किती गेले हे कळत नाही त्यास परत किती मागावे हेही कळत नाही. म्हणून तो सर्वच मागतो.

कर्जमाफीचा प्रश्न ह्या दृष्टीने पाहावा. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीस पाच एकरांची मर्यादा होती. कोरडवाहू वऱ्हाडात दहा एकरांचा धनीही बागायतीतल्या दोन एकरवाल्याहून गरीब असू शकतो, हे दिल्लीच्या मापात बसले नाही. २०१७ व २०१९ मध्ये राज्याने पुन्हा माफ्या दिल्या. २०२५ च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू ह्यांनी अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीस उपोषण केले, ऑक्टोबरात नागपुरास मोठे आंदोलन झाले, आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय करू असे वचन सरकारास द्यावे लागले. आपल्यापैकी कित्येकजण ह्या मागणीस नाके मुरडतात. आमच्या करांचा पैसा असा का वाटता, असे विचारतात. परंतु त्या नाके मुरडणाऱ्यांनी (आणि त्यांत मी स्वतः आहे) एका गोष्टीचे उत्तर द्यावे. तुरीचा भाव चढला की वर्तमानपत्रांतून ओरड कोण करतो? निर्यात बंद झाली की सुटकेचा निःश्वास कोण टाकतो? आपण स्वस्त डाळ खाल्ली ती सरकारने आपणास आपल्या पैशाने दिली नव्हती. ती पिकविणाऱ्याच्या अंगावरून उतरविलेली होती. कर्जमाफी हे त्या जुन्या उसनवारीचे वेडेवाकडे, उशिरा, चुकीच्या माणसांनाही वाटले जाणारे परतणे आहे. ते चांगले परतणे नव्हे. पण मुळात आपण उसने घेतलेच नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.

बंदी व माप ह्यांचा संबंध दाखविणारा आणखी एक प्रसंग सांगतो. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर ह्या गावी शेतकरी संघटनेच्या लोकांनी, तणनाशक सहन करणारे, परंतु सरकारी मान्यता नसलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले व शिक्षा भोगावयाची तयारी दाखविली. ते बियाणे चांगले की वाईट हा निर्णय मजसारख्याने देण्याचा नाही. ते तपासून पाहणे हे राखणदाराचेच काम आहे. परंतु निर्णयच न करता वर्षानुवर्षे नुसती बंदी ठेवली म्हणजे माल नाहीसा होत नाही, पावती नाहीशी होते. चोरून विकल्या जाणाऱ्या पिशवीत काय भरले आहे ह्याची हमी नाही, फसलेल्यास दाद मागावयास जागा नाही. म्हणजे जेथे राखण आवश्यक होती तेथूनच राखणदार निघून गेला, आणि जेथे त्याचे काम नव्हते तेथे तो उभा राहिला.

तात्पर्य, सरकार थोडे असावे की फार असावे, ह्या वादात मला फारसे स्वारस्य नाही. मला पुसावयाचे आहे ते असे की, त्याचा हात कोठे असावा. पायलीच्या काठावर असावा, ती चेपू नये म्हणून. तागडीच्या काट्यावर नजर असावी, तो सरळ राहावा म्हणून. आणि बुडणाऱ्यासाठी तो हात उघडा पुढे असावा, सर्वांना दिसेल असा. पारड्याच्या खाली मात्र तो असू नये, मग तो आपल्या बाजूचे पारडे उचलीत असला तरी. ही शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड. कारण पारडे आपल्या बाजूचे उचलले गेले म्हणजे तो हात आपणास दयेचा दिसतो.

आजीची ती चेपलेली पायली पुष्कळ वर्षे गोठ्यात होती. तांबटाकडून काठ ठोकून घेतला असता तर ती पुन्हा वापरता आली असती, असे मी तिला एकदा म्हटले. ती म्हणाली, ठोकून घे, पण आधी शेजारी जाऊन त्यांच्या पायलीशी ताडून पाहा. आपल्या मापाची साक्ष आपण देऊन चालत नाही.